उसाचं अल्कोहोल, गड्ड्याचं तेल : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

विषय आज नक्की झाला. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प: तळणाच्या वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल, पण मेथॅनॉलला हात न लावता, मळीपासून बनलेल्या इथेनॉलने. सर म्हणाले, "मेथॅनॉलने केलंस तर महिन्यात हातावेगळं होईल. इथेनॉल घेतलंस तर मार्चपर्यंत लॅबमध्येच राहशील." मी इथेनॉल घेतलं.

कारण आत्ताच लिहून ठेवते, पुढे कंटाळा आला तर वाचायला. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या (म्हणजेच ग्लिसरीनच्या) एका दांड्याला लटकलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. त्यात अल्कोहोल आणि थोडा अल्क घालून ढवळलं की प्रत्येक साखळी ग्लिसरॉलला सोडते आणि अल्कोहोलला धरते. ग्लिसरॉल जड, ते तळाशी बसतं. वर राहतं ते एस्टर. ते तेलापेक्षा कितीतरी पातळ असतं, डिझेल इंजिनच्या नोझलमधून फवारता येण्याजोगं. यालाच बायोडिझेल म्हणतात.

यात जगभर मेथॅनॉल वापरतात. ते स्वस्त पडतं, कोरडं मिळतं आणि काम लवकर उरकतं. पण ते बनतं नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून, आपल्याकडचं बहुतेक तर परदेशातून येतं. शिवाय विषारी. लिनोलिक आम्लाचं मिथाइल एस्टर घेतलं तर त्यात १९ कार्बन असतात: १८ झाडाचे आणि १ खाणीतला. इथाइल एस्टरमध्ये २०, आणि विसाच्या वीस झाडाचे. हा एक कार्बन मला खुपतो. ज्या सोलापूर जिल्ह्यात हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे एसटी तासभर अडकते, ज्या गावांत रात्री वाऱ्यावर मळीचा वास येतो, तिथे अल्कोहोल बाहेरून का आणायचं?

९ जानेवारी, गुरुवार

स्पिरिट मिळालं. विभागाकडे राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना आहे, त्यावर रेक्टिफाइड स्पिरिट, म्हणजे थोडं पाणी असलेलं इथेनॉल, येतं आणि मिलीमिलीचा हिशोब वहीत लागतो. लॅबमधल्या काकांनी कुलूप उघडलं, मोजून २ लिटर दिलं, माझी सही घेतली. "सांडलं तरी लिहायचं, उडून गेलं तरी लिहायचं," म्हणाले. म्हणून या नोंदींतही अल्कोहोलचा आकडा दर वेळी लिहिणार आहे.

याच्यात सुमारे ५ टक्के पाणी आहे. नुसत्या ऊर्ध्वपातनाने ते निघत नाही. वजनाने ९५.६ टक्के इथेनॉल झालं की वाफेत आणि द्रवात पाण्याचं प्रमाण एकच होतं. मग कितीही वेळा उकळा, तेवढं पाणी सोबत येणारच. कारखान्यांत पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल झिओलाइटच्या बारीक गोळ्यांतून काढतात. त्यांची छिद्रं ३ अँगस्ट्रॉमची: पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा मावत नाही.

११ जानेवारी, शनिवार

पहिली बॅच. स्पिरिट न सुकवता तसंच वापरायचं ठरवलं. ५ टक्के पाण्याने नक्की काय होतं ते मला स्वतः बघायचं होतं.

कॉलेजच्या कँटीनमधलं तेल ५०० मिली. गाळलं, ११० अंशांवर बुडबुडे थांबेपर्यंत तापवलं. मग आम्लाची चाचणी: १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, वरून लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण थेंबाथेंबाने. फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाने रंग बदलायला २.४ मिली लागलं. घरून हळद नेली होती, तिचा अर्क काढून तीच चाचणी पुन्हा केली. पिवळ्याचं तांबडं व्हायला २.५. हळदीवर भरवसा ठेवता येईल, ज्या गावात लॅब नाही तिथेही ही चाचणी होऊ शकते.

हिशोब: ताज्या तेलाला लिटरमागे ७ ग्रॅम अल्क (तेच पोटॅशियम हायड्रॉक्साइड), त्यात तेलातलं आम्ल मारायला चाचणीचे २.४ मिळवायचे. अर्ध्या लिटरला ४.७ ग्रॅम. ते २५० मिली स्पिरिटमध्ये विरघळवून ६५ अंशांवर तेलात ओतलं.

वीस मिनिटांत ढवळणारा चुंबक अडखळायला लागला. चाळीस मिनिटांत फ्लास्कमध्ये खरवस. उलटा केला तरी पडेना. सगळ्याचा साबण. पाणी असलं की अल्क अल्कोहोलला मदत करायचं सोडून थेट तेलालाच तोडतो. काका बघून म्हणाले, "आता हे काय करायलीस गं? धुणं धुवायचंय का?" त्यांनी खरंच थोडा साबण नेला, ग्रीसने काळे झालेले हात निघतात का बघायला.

स्पिरिट: २५० मिली गेलं, १७५० शिल्लक.

१९ जानेवारी, रविवार

गेला आठवडा सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा. यण्णीमज्जन, अक्षता सोहळा, होम, दारूकाम. शहर आठवडाभर रस्त्यावरच होतं. यण्णी म्हणजे कानडीत तेल. ६८ लिंगांना तैलाभिषेक करून ज्या यात्रेची सुरुवात होते, तिच्याच गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या बाजारात, मी आज तेल मागत फिरले, याचं मला मनापासून बरं वाटलं.

होम मैदानावर भज्यांचे, जिलेबीचे स्टॉल ओळीने. चार ठिकाणी नकार मिळाला. एकाने सांगितलं की त्यांचं जुनं तेल घेऊन जाणारा ठरलेला आहे, आणि तो ते पुढे कुठे देतो ते विचारू नको. हे ऐकून मी काही बोलले नाही, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. तळलेलं तेल पुन्हापुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं साचतात; ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यात वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८पासून आहे. ते बायोडिझेलला जावं म्हणून त्याच वर्षी त्यांनी मोहीमही सुरू केली. नियम आहे. गाडीवर मात्र तेच तेल उद्या परत कढईत जातं.

शेवटी बाळे भागातल्या एका मावशींनी पाच लिटरचा डबा भरून दिला. "कशाला गं पोरी?" इंजिन चालवणार म्हटल्यावर म्हणाल्या, "चाललं तर सांगायला ये की. पुढच्या गड्ड्याला मी इथंच असते." पैसे घेतले नाहीत, वर मिरचीभजी बांधून दिली.

घरी आईने विचारलं, करडईचं का नाही करत? आमच्याकडे अजून घाण्याचं करडई तेलच येतं. सोलापूर म्हणजे करडईचं घर. अखिल भारतीय करडई प्रकल्पाचं केंद्र इथे आहे, भीमा नावाचं वाण इथलंच. पण एक तर ते खायचं तेल आहे आणि महाग आहे. दुसरं, त्यात लिनोलिक आम्ल तीन चतुर्थांशाच्या आसपास असतं. हृदयाला चांगलं म्हणून आई वापरते, पण तेच दुहेरी बंध हवेतला ऑक्सिजन पटकन धरतात. करडईचं बायोडिझेल साठवलं की चिकट होत जाईल. स्टॉलचं तेल बहुतेक पामोलिन, ते जास्त टिकाऊ. थंडीत गोठायला लागतं हा त्याचा दोष, पण सोलापूरच्या फेब्रुवारीत ती काळजी नाही.

२२ जानेवारी, बुधवार

दिवसभर अल्कोहोल सुकवणं. झिओलाइट विभागात नाही, मागवायला वेळ जाईल. जुनी रीत वापरली: कळीचा चुना. पाणी मिळालं की चुना फुलतो, म्हणजे ते पाणी तो स्वतःत बांधून घेतो.

१५०० मिली स्पिरिटमध्ये साधारण ५५ ग्रॅम पाणी. तेवढ्याला हिशोबाने १७० ग्रॅम चुना पुरतो, पण चुना कधीच पूर्ण ताजा नसतो, म्हणून ४०० ग्रॅम घेतला. बाजारातला कळीचा चुना आधी भट्टीत तापवून घेतला. काही खडे हातात घेताच भुगा होत होते, ते आधीच हवेतली ओल पिऊन बसलेले, बाजूला काढले. चार तास रिफ्लक्स, म्हणजे उकळून वाफ थंड करून परत फ्लास्कमध्येच; वरच्या टोकाला कॅल्शियम क्लोराइडची नळी, नाहीतर हवेतली ओल परत आत. मग ऊर्ध्वपातन. ज्योत कुठेही नाही, फक्त हीटिंग मँटल, आणि खिडक्या सताड उघड्या. ७८ अंशांवर थेंब पडायला लागले आणि पारा तिथेच थांबला.

मिळालं १३०० मिली. २०० चुन्याच्या गाळात राहिलं. न सुकवलेलं २५० बाजूला.

२३ जानेवारी, गुरुवार

मोरचूद चिनी मातीच्या वाटीत पांढरा होईपर्यंत भाजला. त्यावर जुनं स्पिरिट टाकलं, निळसर झाला, म्हणजे पाणी आहे. कालचं टाकलं, पांढराच राहिला.

२७ जानेवारी, सोमवार

दुसरी बॅच. गड्ड्याचं तेल ५०० मिली, चाचणी ३.१, म्हणून अल्क ५.१ ग्रॅम. कोरडं इथेनॉल २४५ मिली. तेलाच्या एका रेणूला अल्कोहोलचे तीन पुरतात, मी आठ दिले. जास्त दिल्याशिवाय क्रिया शेवटपर्यंत जात नाही. अल्क अल्कोहोलमध्ये आयत्या वेळी विरघळवला. आदल्या दिवशी करून ठेवलं तर द्रावण तपकिरी पडतं. आणि एक गोष्ट आज कागदावर मांडताना लक्षात आली: पोटॅशियम हायड्रॉक्साइड इथेनॉलमध्ये विरघळतं तेव्हा इथॉक्साइडबरोबर थोडं पाणी तयार होतंच. म्हणजे कितीही सुकवा, थोडं पाणी आपणच घालतो. म्हणून बाकी सगळीकडचं पाणी जपून काढायचं.

७० अंश, दोन तास. या वेळी खरवस नाही. पातळ, तांबूस, एकसारखं. सेपरेटिंग फनेलमध्ये ओतून घरी गेले.

२८ जानेवारी, मंगळवार

ग्लिसरीन खाली बसलेलं नाही. फनेलमध्ये वरपासून खालपर्यंत एकच रंग.

२९ जानेवारी

तसंच.

३० जानेवारी, गुरुवार

सरांबरोबर तासभर बसले. दोष कुठे आहे ते कळलं. मेथॅनॉल तेलात फारसं मिसळत नाही आणि क्रियेनंतर एस्टरपेक्षा ग्लिसरीनकडेच जास्त जातं, त्यामुळे ग्लिसरीन आपोआप वेगळं होतं. इथेनॉल दोन्हीकडचं. ते एस्टरशीही जुळवून घेतं आणि ग्लिसरीनशीही, आणि उरलेलं जादा इथेनॉल दोघांना एकमेकांत धरून ठेवतं. क्रिया झालेली आहे, फक्त दिसत नाही. जादा इथेनॉल काढ, सर म्हणाले.

त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. वनस्पती तेलाच्या एस्टरचं इंधन म्हणून पहिलं पेटंट १९३७ सालचं, बेल्जियममधल्या शावान यांचं. त्यांनी वापरलं होतं पाम तेल आणि इथेनॉल. पुढच्या वर्षी ब्रसेल्स ते लुव्हाँ अशी प्रवासी बसही त्यावर चालवून पाहिली. म्हणजे इथाइल एस्टर हा नंतर सुचलेला पर्याय नव्हे, सुरुवातच तिथून होती. त्याच्याही आधी १९००च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन नुसत्या शेंगदाणा तेलावर चाललं होतं. शेंगदाण्याच्या चटणीच्या गावात हे कुणीतरी शाळेतच सांगायला हवं होतं.

दुपारी बॅच परत फ्लास्कमध्ये घेतली. रोटरी इव्हॅपोरेटरवर कमी दाबाखाली इथेनॉल काढलं, ११५ मिली परत मिळालं. मग त्यात बाटलीतलं शुद्ध ग्लिसरीन ५० मिली घालून हलकं हलवलं. बीजासारखं काम करतं म्हणे.

पाच मिनिटांत फनेलच्या तळाशी गडद रेघ आली. बघता बघता ती बोटभर झाली. खाली काळपट मधासारखा थर, वर सोनेरी. काका दुसऱ्या टेबलावरून उठून आले आणि आम्ही दोघं उभ्याने बघत राहिलो.

३ फेब्रुवारी, सोमवार

धुण्यात पंचाईत. एस्टरमध्ये साबण, अल्क, थोडं ग्लिसरीन राहतं, ते पाण्याने धुवून काढायचं. मी उत्साहाने फनेल हलवला आणि सगळं ताकासारखं झालं. मीठ घालून, कोमट करून, रात्रभर ठेवून सुटलं, पण बरंच वाया गेलं. दुसऱ्या धुण्याला कोमट पाण्यात ॲसिटिक आम्लाचे काही थेंब टाकले आणि हलवण्याऐवजी फनेल फक्त कलता-सरळ केला. तिसरं पाणी स्वच्छ आलं.

शेवटी १०५ अंशांवर बुडबुडे थांबेपर्यंत सुकवलं. ४१० मिली. रंग ताज्या शेंगतेलासारखा.

तेल उरलंय का हे बघायला ३ मिली एस्टर २७ मिली मेथॅनॉलमध्ये टाकलं. एस्टर विरघळतं, न बदललेलं तेल तळाशी बसतं. तळाला थेंब दिसला, बारीक पण होता. या प्रकल्पात मेथॅनॉल वापरलं ते एवढ्यापुरतंच.

१० फेब्रुवारी, सोमवार

तिसरी बॅच. बदल एकच, दोन टप्पे: आधी तीन चतुर्थांश अल्कोहोल-अल्क, ग्लिसरीन काढून मग उरलेलं. पण पहिल्या टप्प्यानंतरही ग्लिसरीन तसं सहज सुटेना. ५० मिली जुन्या बॅचचं ग्लिसरीन टाकून सोडवलं. विकतचं लागलं नाही. ४४० मिली. मेथॅनॉल चाचणीत तळाला काही नाही, अर्धा तास थांबले तरी नाही.

कोरडं इथेनॉल: १३००मधून २४५ अधिक २४५ गेलं, ८१० शिल्लक. परत मिळालेलं २३०, ते थेट वापरायचं नाही, पुन्हा चुन्यावरून न्यावं लागेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एक लिटर तेलाची बॅच, कालपासून. अल्कोहोल ४९०, परत २४०. एस्टर ९०० मिली. सगळं सरळ पार पडलं, लिहिण्याजोगं काही नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

मोहोळजवळ मामांच्या शेतावर. विहिरीवर पाच अश्वशक्तीचं एका सिलिंडरचं जुनं इंजिन आहे, विजेची मोटर आल्यापासून लोडशेडिंगच्या दिवसांतच चालतं. मामा कालपर्यंत हो म्हणत होते, आज बाटली बघून थबकले. "बिघडलं तर नोझल मी कुठनं आणू गं आता?" मी बाटली उघडून त्यांच्या हातावर थेंब टाकला. बोटांत चोळलं, वास घेतला, म्हणाले, "हे तर भज्याचं आहे." मग स्वतःच हँडल मारलं.

टाकीची नळी काढून मोजपात्राला जोडली. तोच लीव्हर, तीच पाइपलाइन, तीच पाण्याची पातळी. २०० मिली साधं डिझेल ११ मिनिटं २० सेकंद पुरलं. त्यात २० टक्के एस्टर मिसळल्यावर ११ मिनिटं १० सेकंद. एवढा फरक माझ्या हातचाही असू शकतो. निव्वळ एस्टर १० मिनिटं ३० सेकंद. म्हणजे सात-आठ टक्के कमी, आणि ते अपेक्षितच आहे: एस्टरमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे लिटरमागे उष्णता थोडी कमी. त्याच ऑक्सिजनमुळे धूर कमी असं वाचलं होतं. मी धुरासमोर पांढरं फडकं धरलं: डिझेलवर काळा गोल उमटला, एस्टरवर करडा. फडक्याचे दोन्ही तुकडे पिशवीत घालून आणले आहेत, तारीख लिहून.

बंद करण्याआधी पाच मिनिटं पुन्हा डिझेलवर चालवलं, पंपात एस्टर राहू नये म्हणून. जुन्या इंजिनातले रबरी वॉशर एस्टरने फुगू शकतात. मामांना सांगून आले की आठवडाभराने नळीचे जोड बघा, गळती वाटली तर लगेच फोन करा.

पाटाच्या कडेला बसून भाकरी खाताना मामांनी विचारलं, आता आमच्या उसाचं डिझेल होणार तर? मला यावर नीट बोलायचं होतं. ऊस वर्षभर पाणी पितो, आणि याच तालुक्यात मे महिन्यात टँकर येतात. इंधनासाठी ऊस वाढवा असं मी म्हणणार नाही. साखर काढून उरलेल्या मळीचं अल्कोहोल आणि तळून उरलेलं तेल, दोन्ही उरलेलं, एवढ्याचंच मी बोलते. मामा म्हणाले, मळीचे पैसे कारखान्याला, तेलाचे स्टॉलवाल्याला, आम्हाला काय? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाणी भरलेल्या दंडाकडे बघून ते उठले, बारं फोडायला.

५ मार्च, बुधवार

खर्चाचं पान सरांना दाखवलं. सर्वांत मोठा आकडा तेलाचा नाही, अल्काचा नाही. अल्कोहोल सुकवायला आणि परत मिळवायला लागलेल्या विजेचा आहे. प्रबंधात हे पहिल्या पानावर घालायचं ठरलं. पेट्रोलसाठीचं कोरडं इथेनॉल ज्या कारखान्यात तयार होतं, त्याच आवारात एस्टर बनवलं तर सुकवायचा हा खर्च वेगळा पडणार नाही. प्रकल्पाचा पुढचा भाग कुणी केला तर तिथून करावा.

मामांचा फोन आला होता, जोड कोरडे आहेत.

उरलेल्या एस्टरच्या दोन बाटल्या केल्या. एक खिडकीत उन्हाला, एक कपाटात अंधारात. दर पंधरा दिवसांनी आम्लाची चाचणी. पहिली आज: दोन्ही ०.३. गड्ड्यावर ज्यांच्याकडून तेल आणलं, त्या मावशींसाठी तिसरी लहान बाटली वेगळी ठेवली आहे, पुढच्या जानेवारीपर्यंत.

रजिस्टर: कोरडं इथेनॉल ३२०, परत मिळालेलं ४७०, न सुकवलेलं २५०. काकांनी मोजलं, सही केली, कुलूप लावलं.